गिटारच्या मानेत सळई कशाला?

अकूस्टिक गिटारची मान घडवताना तिच्यात ट्रस रॉड घालावा की नाही, हा वाद जुना आहे. गोष्ट दिसायला साधी: मानेच्या पोटात, फिंगरबोर्डाच्या खाली, लांबीभर एक पोलादी सळई, तिच्या एका टोकाला नट, आणि चावीने तो नट फिरवला की मान किंचित मागे किंवा पुढे वळते. पण ही सळई घालावी की टाळावी यावर लाकूड जाणणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत, आणि दोन्हींकडे जाणती माणसं आहेत. माझा पक्ष आधीच सांगतो. पोलादी तारांची गिटार गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावात वाजायची असेल, तर तिच्या मानेत दोन्ही दिशांनी चालणारा ट्रस रॉड हवाच. आणि तो मानेला ताकद यावी म्हणून नको. हवेनुसार मान बदलली की ती गावातच, वाजवणाऱ्याच्या हाताने पुन्हा जागेवर आणता यावी म्हणून हवा. विरुद्ध बाजू मी एका वाढईकाकांच्या तोंडी घातली आहे. काका कल्पित आहेत, पण त्यांचे आक्षेप कल्पित नाहीत. उत्तमोत्तम कारागिरांनी ते घेतलेले आहेत, आणि त्यातले काही मला मान्यच करावे लागतात.

काकांचा पहिला सवाल थेट आहे. "भाऊ, लाकूड नीट निवडलं, नीट वाळवलं, तर त्याच्या पोटात लोखंड घालायची पाळी काहून यावी? जुनं घर पाडताना निघतो तसा सागाचा वासा घ्या, पन्नास पावसाळे पाहिलेला. मधोमध उभा चिरा, एक फाक उलटी करून दुसरीला चिकटवा, म्हणजे एकीची ओढ दुसरी खाते. मधात शिसमाची पट्टी घाला. ती मान कुठं जाते? मिरजेचे तंबोरे पाहा जी. तीन-तीन फुटांच्या दांड्या, त्याही पोकळ, आत सळई नाही की काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाजून राहिले."

मिरजेचं उदाहरण हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही. शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम मागे सोडून तिथे एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याची विद्या रुजवली; 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या दांड्या खरोखरच सळईविना टिकतात. पण काका, तंबोऱ्याच्या दांडीकडून आपण मागतो काय? तिच्यावर पडदे नाहीत. चारही तारा मोकळ्या छेडायच्या, बोटाने दाबायची एकही नाही. दांडी मिलिमीटरभर वाकली तरी खुंटी फिरवून आणि मणी सरकवून सूर लावता येतो, जवारीच्या बोलण्यात फरक पडत नाही. सतारीला पडदे आहेत, पण ते बांधलेले आहेत, सरकवता येतात. शिवाय कमानदार आणि दांडीपासून उंच उचललेले असल्याने बोट दांडीला लागतच नाही. गिटारचे फ्रेट मात्र फिंगरबोर्डात ठोकून कायमचे बसवलेले असतात, आणि तारा त्यांच्यापासून दीड-दोन मिलिमीटरवर धावतात. तिथे दशांश मिलिमीटरचा हिशेब चालतो. फ्रेट नसते तर हा वादच उरला नसता. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारा उंच उचलून, त्यांवर धातूचा तुकडा सरकवत शास्त्रीय संगीत वाजवलं. तशा वाद्याची मान थोडी वाकडी असली तरी वादकाचं काही अडत नाही, कारण तार फ्रेटला टेकवायचीच नसते.

काका एवढ्यावर थांबत नाहीत. स्पॅनिश गिटारलाही फ्रेट ठोकलेलेच असतात, आणि एकोणिसाव्या शतकात आंतोनियो दे तोर्रेस यांनी आजच्या क्लासिकल गिटारचा जो घाट ठरवला त्यात सळई नाही. अजूनही बहुतेक क्लासिकल गिटारी तिच्याविना बनतात. खरं आहे. पण क्लासिकल गिटारच्या सहा नायलॉन तारांची ओढ मिळून साधारण 40 किलोंची असते, आणि पोलादी तारांच्या हलक्या संचाची 70 ते 75 किलोंची. क्लासिकलची मान रुंद, तारांची उंचीही जास्त. तिला थोडं वाकणं परवडतं. पोलादी तारांच्या मानेचा ढोबळ हिशेब करून पाहू. पहिल्या फ्रेटपाशी मान फिंगरबोर्डासकट 21 मिलिमीटर जाड, 44 मिलिमीटर रुंद, पाठ गोलसर. तारा मानेच्या मध्यापासून अकरा-बारा मिलिमीटर वर. 73 किलोंची ओढ तिथून मानेला पुढे खेचते. लाकूड चांगल्यापैकी ताठ धरलं, तरी तारा जिथे टेकतात त्या वरच्या नटपासून (सळईचा नट वेगळा) चौदाव्या फ्रेटपर्यंतच्या 36 सेंटिमीटरमध्ये मधला भाग सुमारे अर्धा मिलिमीटर खाली जातो. आणि वाजवायला हवा असतो तो बाक 0.1 ते 0.25 मिलिमीटरचा. म्हणजे तारा चढवल्या त्याच दिवशी हव्या त्याच्या दुप्पट वाक आलेला असतो.

यावर काकांचं उत्तर तयार आहे, आणि ते चुकीचं नाही. "मग मान आधीच तेवढी मागं झुकवून रंधा. तार ओढंल तेव्हा बरोबर होईल." सळई न घालणारे गिटारकार नेमकं हेच करत आले. काकांच्या बाजूची सगळ्यांत भक्कम साक्ष तर मीच देतो. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी फिरवता येणाऱ्या ट्रस रॉडच्या पेटंटसाठी 1921 मध्ये अर्ज केला, ते 1923 मध्ये मंजूर झालं, आणि तिथून ही सळई गिटारच्या जगात पसरली. पण ज्या मार्टिन कंपनीच्या पोलादी तारांच्या गिटारी आजही मापदंड मानल्या जातात, तिने ती पुढची साठ वर्षं घेतली नाही. मार्टिनच्या मानेत आधी आबनुसाची पट्टी असे. 1934 पासून पोलादाचा टी आकाराचा दांडा आला. दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना म्हणून पुन्हा आबनूस आला. 1967 मध्ये चौकोनी पोलादी नळी आली. आणि फिरवता येणारी सळई आली ती 1985 मध्ये. तोवरच्या गिटारींसाठी लोक आज लाखो रुपये मोजतात. तेव्हा सळईशिवाय थोर गिटार बनत नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

तरीही 1985 मध्ये मार्टिनने सळई घेतली, आणि त्यामागचं कारण त्या जुन्या गिटारींच्या दुरुस्तीत दिसतं. न फिरणाऱ्या दांड्याची मान पुढे वाकली, तर तिचे सगळे फ्रेट उपटायचे, फिंगरबोर्ड रंधून सपाट करायचा, किंवा जाड बुडाचे फ्रेट खाचांत ठोकून, त्यांच्या पाचरीच्या जोराने मान मागे ढकलायची. हे काम सुंदर आहे, पण ते करणारा कारागीर कारखान्यात किंवा मोठ्या शहरात असतो. दवनीवाड्याहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. दर वर्षी मान बदलणार आणि दर वर्षी गिटार पोत्यात बांधून नागपूरला न्यावी लागणार, हा व्यवहार कोणाला झेपेल?

"दर वर्षी काहून बदलंल?" काका विचारतात. "एकदा सुकलं लाकूड की सुकलं. जुन्या वाड्याच्या तुळया शंभर वर्षं हालत नाहीत."

इथे आमच्या वादाचं मूळ आहे, म्हणून थोडं सविस्तर बोलतो. वाळलेलं लाकूड हवेशी देणंघेणं बंद करत नाही. कितीही जुनं असलं तरी भोवतालच्या दमटपणाप्रमाणे ते पाणी घेतं आणि सोडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांवर राहिली तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. आर्द्रता 85 टक्क्यांवर राहिली तर ते सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत चढतं. गोंदियाकडचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला भिडतो, दुपारचा वारा तोंड सोलतो. सहा आठवड्यांनी धानाच्या बांध्यांत रोवणी चाललेली असते, आणि घरातल्या लाकडी दाराची फळी फुगून चौकटीत अडकते. गिटारचे कारखाने लाकूड 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत घडवतात. आपली हवा त्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, तीही एकाच वर्षात, दूरवर जाऊन येते.

काका म्हणतील, लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाही. हे कोणत्याही वाढयाला ठाऊक आहे, मग लांब मान वाकेल कशी? निरीक्षण अचूक आहे. आडव्या दिशेने लाकूड काही टक्के फुगतं, आणि रेषांच्या दिशेने त्याच्या तुलनेत नगण्य. पण मान एका लाकडाची नाही. खाली साग किंवा महोगनी, वर शिसम किंवा आबनुसाचा सहा मिलिमीटरचा फिंगरबोर्ड. दोन जातींची लाकडं जन्मभरासाठी एकमेकांना चिकटलेली. मानेच्या पाठीला पॉलिश असतं, फिंगरबोर्ड मात्र उघडा असतो, म्हणून तो आधी पाणी पितो आणि आधी सोडतो. आता पुन्हा हिशेब करा. 36 सेंटिमीटरच्या पट्ट्यात वरचा थर खालच्यापेक्षा फक्त 0.01 टक्के जास्त लांबला, म्हणजे 0.04 मिलिमीटरपेक्षाही कमी, माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. तरी त्या दोन थरांच्या रस्सीखेचीत मानेचा मध्य सुमारे 0.12 मिलिमीटर सरकतो. हा आकडा छोटा वाटेल, पण आपल्याला हवा असलेला सगळा बाकच मुळी तेवढा आहे. तुळईला 0.12 मिलिमीटरने काही होत नाही. गिटारच्या खालच्या फ्रेटांवर मात्र तेवढ्यानेच तार खरखरायला लागते. पावसाळ्यात फिंगरबोर्ड फुगला की मान बहुधा मागे झुकते, उन्हाळ्यात तो आकसला की पुढे. म्हणूनच नुसती मागे ओढणारी जुन्या धाटणीची सळई आपल्याकडे अर्धं काम करते. दोन्ही दिशांची हवी.

तुळईचं उदाहरण काकांनी काढलंच आहे, तर त्याच तुळईची दुसरी गोष्टही ऐकावी. ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, आणि ओझं असताना ते आलटूनपालटून ओलं-कोरडं होत असेल तर जास्तच वाकतं. युरोपातल्या इमारती लाकडाच्या नियमावलीत याचे आकडे दिलेले आहेत: गरम, कोरड्या घरातल्या तुळईचा पहिल्या दिवशीचा वाक कालांतराने 60 टक्क्यांनी वाढेल असं धरायचं, आणि ऊन-पाऊस खाणाऱ्या तुळईचा 200 टक्क्यांनी, म्हणजे एकूण तिप्पट. गिटारची मान घरातच असते, पण कौलारू किंवा टिनाच्या छपराखालच्या, दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरातली हवा ही बंदिस्त, गरम केलेल्या युरोपीय खोलीची हवा नव्हे. आणि मानेवरचं 73 किलोंचं ओझं दिवसरात्र असतं. घडवताना मान मागे झुकवून रंधायची, तर किती झुकवायची? पहिल्या वर्षाच्या वाकाएवढी, की दहाव्या वर्षाच्या? मेमधल्या, की ऑगस्टमधल्या? घडवणारा कितीही कुशल असो, त्याला एकच आकडा निवडावा लागतो, आणि वर्षातले काही महिने तो आकडा चुकीचा असतो. सळईने तो निर्णय खुला राहतो. माझ्या मते तिचं खरं मोल एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

काकांचा यापुढचा आक्षेप हातात पटाशी धरणाऱ्या माणसाचा आहे. "एकवीस मिलिमीटरच्या मानेत दहा मिलिमीटर खोल खाच पाडता. खाली उरते काय? तुम्ही मान भक्कम करून नाही राहिले, पोकळ करून राहिले."

आकडे पाहू. सळईची खाच सहा ते साडेसहा मिलिमीटर रुंद आणि साडेनऊच्या आसपास खोल असते. फिंगरबोर्ड सोडला तर मानेचं लाकूड पंधरा मिलिमीटर. खाचेखाली साडेपाच उरतं. ऐकायला भीतीदायक आहे. पण वाकणाऱ्या दांड्यातलं सगळं लाकूड सारखं राबत नाही. तारांच्या ओढीने फिंगरबोर्डाची बाजू दाबली जाते, पाठीची बाजू ताणली जाते, आणि मधल्या थराला दोन्हींतलं फारसं काही सोसावं लागत नाही. खाच पडते ती नेमकी या मधल्या पट्ट्यात, कारण वरून फिंगरबोर्ड बसला की ती मानेच्या गाभ्यात जाते. त्या मापांवर हिशेब केला तर खाचेने मानेचा ताठपणा दोन-तीन टक्क्यांनीच उतरतो. धोका आहे तो दुसरीकडे, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या फळीच्या, वळणावर. चावी घालायची जागा तिथे ठेवली, तर जिथे मान सगळ्यांत बारीक आणि रेषा तिरप्या, तिथलंच लाकूड कोरावं लागतं. गिटार पडली की त्याच जागी मोडते. इथे काका शंभर टक्के बरोबर आहेत, आणि म्हणून नट हेडस्टॉकला नको, गिटारच्या पोटाच्या बाजूला हवा. गोल छिद्रातून लांब दांड्याची चावी घालून तो फिरवता येतो.

खाच पाडण्याचं काम नीट झालं नाही तर माझा सगळा युक्तिवाद फुकट जातो, म्हणून ते जवळून पाहायला हवं. मान गोलसर करण्याआधी, लाकूड अजून चौकोनी, बाजू गुण्यात असतानाच खाच पाडायची. नंतर राउटरला धरून चालायला सरळ कडच राहत नाही. मधली रेघ आधी आखायची आणि तिच्यावरून सगळं मोजायचं. राउटर एका दमात खोल न्यायचा नाही. दोन-तीन मिलिमीटर घेत चार फेऱ्यांत उतरायचं, नाहीतर पातं तापतं, साग जळतो आणि भिंती लाटेसारख्या येतात. सळईच्या टोकांना पितळेचे ठोकळे असतात, ते दांड्याहून रुंद, तेवढीच जागा पटाशीने चौकोनी करायची. सळई बोटाच्या दाबाने आत जावी, ठोकावी लागू नये, आणि उलटं धरल्यावर आपसूक पडूही नये. तिची वरची कड लाकडाशी समपातळीत, किंवा केसभर खाली. वर आली तर फिंगरबोर्ड नीट बसणार नाही. बसवण्याआधी सळई बाहेरच दोन्हीकडे फिरवून पाहायची, मग मोकळ्या, कुठेही न ओढणाऱ्या जागी आणून खाचेत ठेवायची. खाचेवर अरुंद चिकटपट्टी लावायची, दोन्ही बाजूंना डिंक लावायचा, पट्टी काढून फिंगरबोर्ड ठेवायचा. डिंकाचा थेंब आट्यांत गेला तर सळई आहे तिथेच मेली. क्लॅम्प आवळताना ओल्या डिंकावर फिंगरबोर्ड घसरतो, म्हणून दोन फ्रेटांच्या खाचांत बारीक खिळे आधीच ठोकून ठेवावेत. सागाच्या अंगात तेल असतं. रंधा मारल्यावर लगेच, पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून चिकटवला नाही, तर सांधा वर्षाभरात उघडू शकतो. पाणी असलेला डिंक फिंगरबोर्डाची खालची बाजू फुगवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मान थोडी वळलेली दिसते. तिथे घाईने रंधा चालवू नये. आठवडाभर पडू द्यावी, ती पुष्कळशी परत येते.

"आन्‌ आवाज? पोटात लोखंड गेल्यावर लाकूड बोलंल का?" याला मी फार वेळ देत नाही. सळईचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. खुंट्यांचा संच त्याहून जड असतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मार्टिनच्या ज्या गिटारींचा आवाज नावाजला जातो, त्यांतल्या 1934 नंतरच्या कित्येकींच्या मानेत पोलादाचाच दांडा आहे. सळई खाचेत सैल असेल तर ठरावीक सुरांवर ती खणखणते, हा त्रास मात्र खरा आहे. बारीक प्लास्टिक नळीचं वेष्टन किंवा मध्यावर सिलिकॉनचा ठिपका दिला की तो जातो.

मला सगळ्यांत जड वाटतो तो काकांचा यानंतरचा आक्षेप, कारण तो हिशेबाचा नाही, कामाच्या नीतीचा आहे. "सळई आहे म्हटल्यावर पोरगं ओलं लाकूड घेईल. वाकलं तर फिरवू म्हणंल. आम्ही वाशाला दोन उन्हाळे दाखवल्याशिवाय हात लावत नव्हतो. तुमची सळई हे सगळं मारून टाकते." असं घडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. घाईत केलेल्या स्वस्त कामात सळई हा लपवण्याचा उपाय होतो. पण लपवू पाहणाऱ्याला ती साथ देत नाही. सळई एकच दोष सुधारते: वरचा नट आणि बारावा फ्रेट यांच्या मधला पुढचा-मागचा बाक. ओल्या लाकडाची मान पीळ घेते, आणि पीळ सळईने निघत नाही. मान आणि खोक्याचा सांधा पुढे झुकला तर तारा उंच जातात, आणि तेही सळईने सुधारत नाही. उलट सळई आवळून तारा खाली आणू पाहणारा माणूस मान मागे वाकवून बसतो आणि शेवटी आटे मारतो. चौदाव्या फ्रेटपाशी उंचवटा आला तर तिथे सळईचा जोर पोचतच नाही. म्हणजे काकांचे दोन उन्हाळे, उभ्या रेषांचं लाकूड, उलटून चिकटवलेल्या फाका, यांतलं काहीही सळई आल्याने वगळता येत नाही. ती सगळं नीट केलेल्या मानेलाच उपयोगी पडते.

आणि लाकडाच्या बाबतीत तर काकांच्या गावाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. साग फार थोडं हालतो. इमारतीत आणि जहाजात त्याची पत त्याच गुणाने झाली. शिवण त्याहून हलकी आणि तितकीच निमूट. वाद्यांसाठी ती पूर्वापार वापरली जाते आणि गोंदियाच्या रानात आहे. काळं शिसम जगभर गिटारच्या फिंगरबोर्डासाठी जातं. ज्या तेंदूची पानं इथल्या बिडीला लागतात, त्या झाडाचं कूळ आबनुसाचंच. म्हाताऱ्या तेंदूचा काळा गाभा म्हणजे मार्टिनने मानेत घातलेल्या पट्टीचा सख्खा भाऊबंद. अर्थात हे लाकूड डेपोतून, परवान्याने आणावं. रानात कुऱ्हाड घेऊन जाण्याची ही शिफारस नव्हे.

राहिला वापराचा प्रश्न. "गावात ती चावी फिरवंल कोण? एखादा उत्साही पोरगा आवळत सुटंल आन्‌ मान फोडंल." भीती रास्त आहे, पण उपाय गावातच आहे. मानेचा बाक मोजायला पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट पाहायची. तिथे जी पोलादी पानं सरकवायची, तो फिलर गेज मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिककडे टॅपेट लावायला असतो. 0.2 मिलिमीटरचं पान अडकता-अडकता गेलं की मान ठीक. नटाला लागते ती चार किंवा पाच मिलिमीटरची एलन चावी, तीही त्याच्याच पेटीत मिळते. पोटातून फिरवायला तिचा दांडा लांब हवा, तेवढा जोडून घेता येतो. फिरवताना पाव फेऱ्याहून जास्त नाही, मग तारा सुरात आणायच्या, रात्रभर थांबायचं, सकाळी पुन्हा मोजायचं. फट जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. वर्षातून दोनदा: एकदा मृग लागल्यावर हवा दमट झाली की, आणि एकदा होळीनंतर हवा कोरडी पडली की. चावी अडली तर जोर करायचा नाही. यात काहीही असं नाही जे सायकलच्या चाकाची तार आवळणाऱ्याला जमणार नाही. न फिरणाऱ्या दांड्याच्या गिटारसाठी यातलं सुधारण्याचं एकही काम त्याला करता येत नाही, मग तो कितीही हुशार असो.

काका शेवटी सळईला मान्यता देतात, पण स्वतःची अट घालून. "घाला तुमची सळई मधात. पण तिच्या दोन्ही अंगांना माझ्या तेंदूच्या पट्ट्या राहतील. मान लाकडानं उभी राहावी, सळईनं फक्त सुधारावी." ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. आजचे अनेक चोखंदळ गिटारकार नेमकं तेच करतात, फक्त तेंदूच्या जागी कार्बनच्या पट्ट्या घालून. 44 मिलिमीटर रुंदीत मधली सहा मिलिमीटरची खाच सोडून दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांना पुरेशी जागा आहे. पट्ट्या डिंकाने पक्क्या बसवायच्या, सळईला मात्र डिंकाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. पट्ट्यांनी मान ताठ झाली की तारांचा पहिल्या दिवसाचा वाक कमी होतो, सळईला थोडंच ओढावं लागतं, आणि थोडं ओढणारी सळई जास्त वर्षं चालते. मतभेद उरतो तो एकाच जागी: पट्ट्या खाचेइतक्याच खोल घालाव्यात की त्याहून उथळ ठेवाव्यात. काकांना पूर्ण खोली हवी आहे. मला पाठीच्या बाजूला साडेपाच मिलिमीटरहून जास्त अखंड लाकूड ठेवावंसं वाटतं, म्हणून मी सात मिलिमीटरवर थांबेन.